हार्बिनची मुखपट्टी
१८९६च्या मुंबईच्या साथीनंतर प्लेग म्हटला की उंदीर आणि पिसवा, असे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्के होत गेले. डिसेंबर १९१० मध्ये मांचुरियातल्या हार्बिनला पोहोचलेल्या पेनांगच्या डॉ. वू लिएन-तेह यांनी मात्र शवविच्छेदन करून निदान केले, की तिथली साथ फुप्फुसांच्या प्लेगची असून तो खोकल्यातून पसरतो. त्यांनी जाळीच्या कापडात कापूस घालून मुखपट्ट्या करवून घेतल्या.

फ्रेंच डॉक्टर मेनी यांना हे पटले नाही. उघड्या तोंडाने त्यांनी रुग्ण तपासले आणि काही दिवसांत ते दगावले.

केवढी महाग पडली उंदीर-पिसवांवरची ही खात्री! तरी साथ आटोक्यात आल्याचे श्रेय एकट्या कापडाला देता येणार नाही. रेल्वेच्या डब्यांतले विलगीकरण, प्रवासबंदी, चीनच्या बादशाही परवानगीने झालेले मृतदेहांचे सामूहिक दहन, सारेच कामी आले. सुमारे ६० हजार बळी घेऊन साथ ओसरली आणि एप्रिल १९११ मध्ये मुकदेनला वू यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली.