धामच्या काठी, वाट पाहत

फोन खिशात ठेवा. देशात मोबाइल यायला अजून ४४ वर्षं आहेत. आज बुधवार, १२ सप्टेंबर १९५१. भाद्रपदातली पहाट, चंद्र कधीच मावळलेला. धाम नदीला पाणी चांगलं आहे, ते आवाजावरून कळतं. पवनारच्या टेकाडावरचा जमनालाल बजाजांचा बंगला अंधारात नीट दिसत नाही. त्याच्यापुढे दोन-तीन कंदील तेवढे इकडून तिकडे फिरतायत.

तुम्हाला इथे आणलं, कारण तुमच्या घरातलं कुणीतरी ट्रायथलॉन करतं आणि तुम्हाला वाट पाहायची सवय आहे. पोहणं, सायकल, धावणं मिळून २२६ किलोमीटर, मुदत १७ तासांची. त्यात तुमचं माणूस तुमच्यासमोरून चार-पाचदा जातं, तेही दर खेपेला काही सेकंद. बाकीचा वेळ तुम्ही केळी, टॉवेल आणि फोनवरचा सरकता ठिपका सांभाळत बसता. ठिपका थांबला की पोटात गोळा येतो.

आज ठिपका नाही. आज निघणारा माणूस मात्र चालत दिल्लीला जाणार आहे. सुमारे ८०० मैल.

शेजारी उभी असलेली म्हातारी तुमच्याकडे वळते. “नेहरूनं इमान पाठवतो म्हनलं होतं म्हने. अन् बाबा पायीच चालले.” तिच्या बोलण्यात तक्रार आहे आणि तोराही आहे. हा सूर तुमच्या ओळखीचा असणार. शर्यतीच्या कठड्याला टेकलेल्या आयांचा तोच असतो. नियोजन आयोगाच्या आराखड्यावर बोलायला दिल्लीचं बोलावणं आलं, आणि बाबांनी, म्हणजे विनोबांनी, कळवलं की येतो, पण चालत.

काल त्यांना छप्पन्न पुरी झाली. पोटात जुना अल्सर. तेरा वर्षांपूर्वी, १९३८ साली, ते पवनारला आले तेव्हा वजन ८८ पौंड होतं, म्हणजे जेमतेम ४० किलो. बापूंनी हवापालटाला जा म्हणून सांगितलं होतं. दुसरा कुणी थंड हवेच्या ठिकाणी गेला असता. हे वर्ध्याहून उठले आणि जवळच्या पवनारला आले, मनातली सगळी कामं नदीपलीकडे सोडली आणि खणायला लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, असं चढवत चढवत तासांवर नेलं. वर्ष व्हायच्या आत वजन १२८ पौंड. आजचा प्रशिक्षकही हेच सांगेल, फक्त फी घेऊन.

त्या खोदकामात एक मूर्ती निघाली. राम आणि भरत यांच्या भेटीची. ती इथेच बसवलीय. तिच्याकडे नंतर येऊ.

लांबची चालही त्यांना नवी नाही. याच मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी गेले, तीनशेच्या वर मैल. पुढे तेलंगणात १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी भर सभेत १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. पावसाळ्यात बाबा परतले. पवनारकरांना वाटलं, आता राहतील.

कंदील खाली यायला लागले. गर्दी हलते. तुमच्या हातात तुम्ही स्वतः कातलेल्या सुताची गुंडी आहे, ती पुढे करायची की नाही हे ठरवेपर्यंत ते समोर आलेसुद्धा. पंचा, दाढी, काटकुळे पाय, आणि चाल अशी की बरोबरचे तरणे अर्धवट पळतायत. तुम्ही काहीतरी ओरडता. काय ओरडलात ते नंतर आठवणार नाही. सहा-सात सेकंद, आणि पाठच दिसते. म्हातारी डोळ्यांना पदर लावते आणि लगेच म्हणते, “चाला, ढोरं सोडाची हायेत.”

आता तुमचं खरं काम सुरू होतं, आणि ते करायला तुमच्याकडे काहीच नाही. बातमी येते ती वर्तमानपत्रातून, शिळी होऊन. २ ऑक्टोबरला सागरला त्यांनी देशाकडे पाच कोटी एकर मागितले. मागणं ऐकून तुम्ही मनातल्या मनात कपाळावर हात मारता. आपलं माणूस झेपेल त्यापेक्षा मोठी शर्यत अंगावर घेतं तेव्हा मारतो तसा. १३ नोव्हेंबरला ते दिल्लीत राजघाटावर पोचले. साठेक दिवस, रोज बारा-तेरा मैल. झालं, आता परततील.

परतत नाहीत. उत्तर प्रदेश, मग बिहार. डिसेंबर १९५२ मध्ये चांडीलहून बातमी येते: हिवताप, जिवावरचा, आणि औषध घेत नाहीत. ठिपका थांबला. तुम्ही पवनारला, ते तिकडे छोटा नागपूरच्या डोंगरात. टॉवेल घेऊन धावायचं कुठे? चुलीवरचं दूध उतू जातं आणि तुमचं लक्ष नसतं. मग कळतं, लोकांनी फार गळ घातली तेव्हा औषध घेतलं. पुढच्या सप्टेंबरात देवघरला हरिजनांसोबत मंदिरात जाताना पंड्यांनी मारलं. तेही तुम्हाला छापून आल्यावरच कळतं. चिडायचं कुणावर? मारणाऱ्यांवर, की चालत राहणाऱ्यावर? मला विचाराल तर दोघांवर.

वर्षं जातात. तुम्ही जागचे हलला नाहीत, पण तुमचं गाव तीन राज्यांत फिरून आलं: १९५१ ला मध्य प्रदेशात, १९५६ ला द्विभाषिक मुंबईत, १९६० ला महाराष्ट्रात. आणे गेले, नवे पैसे आले. मैलांचे किलोमीटर होऊ लागले, म्हणजे बाबांचं चालणं आकड्यात आणखीच वाढलं. १९५९ ला टेकाडावर ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, बाबा नसतानाच. येता-जाता तुम्ही त्या मूर्तीपुढे थांबता. बहुतेक लोक रामाला हात जोडतात. वनवास रामाला घडला, हे खरं. पण चौदा वर्षं पादुकांकडे बघत मुक्काम सांभाळणारा तो दुसरा, त्याच्याकडे तुमची नजर जास्त वेळ राहते.

शुक्रवार, १० एप्रिल १९६४. पाडवा जवळ आलाय आणि वर्ध्याचं ऊन तापायला लागलंय. यंदा म्हातारी नाही, तिची सून आहे, कडेवर पोर. गर्दी १९५१ पेक्षा मोठी, माणसं परगावची, परदेशचीसुद्धा. तुम्ही कोपरानं वाट काढत पुढे जाता आणि तुमच्यासारखी माणसं शर्यतीच्या शेवटी जे करतात तेच करता: आधी पाय बघता, मग चेहरा. दाढी पांढरी झालीय. पाय तसेच, काटकुळे. साडेबारा वर्षांपूर्वी जी चाल गेली, ती थोडी हळू होऊन परत आलीय.

“आता ऱ्हाते का बाबा इथं?” सून विचारते.

कुणाला काय ठाऊक. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: पुढच्या वर्षी ते पुन्हा बिहारकडे निघतील, तुफान यात्रेला, आणि या खेपेस मोटारीनं. तिला सांगू नका. तिचं पोर उन्हानं रडवेलं झालंय. ते जरा घ्या तिच्याकडून, म्हणजे तिला टाचा उंचावून नीट बघता येईल.