गूगल म्हणतं, नऊ तास

आमच्या ट्रिपचा संसार एका गूगल शीटमध्ये आहे. चौघं इंजिनियर एकत्र जमल्यावर दुसरं काय होणार? दिवस, ठिकाण, किलोमीटर, पेट्रोल, मुक्काम, आणि शेवटचा कॉलम 'कोण चालवणार'. कॉलेजमधला एक रूममेट मस्कतला नोकरीला आहे म्हणून ओमान ठरलं, उन्हाळ्यात तिकडे होरपळायला होतं म्हणून डिसेंबर ठरला. पहिला आराखडा सोपा होता. मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने सूर, मग वाहिबाची वाळू, मग निझ्वाचा किल्ला. आणि शेवटी एकच लांब पल्ला, निझ्वा ते सलाला. साडेआठशेहून जास्त किलोमीटर. गूगल म्हणतं, साधारण नऊ तास. त्या ओळीसमोर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'मध्ये काहीच नाही, रात्रीत मारू.' चालवणारा मी.

हे मी सहज चिपळूणला मामाला फोनवर सांगितलं. मामा ऐंशीच्या दशकात सहा वर्षं ओमानमध्ये होता, रस्त्याच्या कामावर ग्रेडर चालवायचा. लहानपणी आमच्यासाठी 'मामा मस्कतला असतो' याचा अर्थ खजूर, टॉर्च आणि जाड ब्लँकेट एवढाच होता. तो तिथे नेमकं काय करतो हे कधी कोणी विचारलं नाही, मीही नाही. तो म्हणाला, "रात्रीचा जाऊ नको. उंट येतात मधे, दिसत नाहीत." आणि मग जरा थांबून, "मधे काही नाही असं कोण म्हणाला तुला?"

त्या प्रश्नामुळे मी वाचायला बसलो.

पहिलाच आकडा वाचून मला वाटलं छापताना एखादं शून्य राहिलं असणार. १९७० साली ओमानमध्ये डांबरी रस्ता होता जेमतेम १० किलोमीटर. तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढ्या देशात. शाळा तीन. मस्कत शहराच्या वेशी सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद व्हायच्या आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील हवा. मोटार आणायची तर खुद्द सुलतानाची परवानगी. गूगलवरची ती निळी रेघ मी इतके दिवस डोंगर-नदीसारखी, आधीपासून तिथेच असलेली धरून चाललो होतो.

दुसरी गोष्ट नावाची. १९७० पर्यंत या देशाचं नाव नुसतं ओमान नव्हतं. 'मस्कत आणि ओमान' असं होतं, आणि मधला तो 'आणि' शोभेचा नव्हता. मस्कत म्हणजे किनारा: बंदरं, व्यापारी, सुलतान, आणि सुलतानाच्या पाठीशी ब्रिटिश. ओमान म्हणजे डोंगरापलीकडचा आतला भाग: खजुराच्या बागा, टोळ्या, वाळवंट, आणि निझ्वामध्ये इमाम, म्हणजे इबादी पंथाच्या लोकांनी निवडलेला धर्मप्रमुख आणि राज्यकर्ता. १९२० मध्ये सीब या किनाऱ्यावरच्या गावी दोघांत समझोता झाला. सुलतानाने आतल्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, आतल्यांनी किनाऱ्यावर हल्ले करायचे नाहीत. तीसेक वर्षं हे बरं चाललं. आमच्या शीटमध्ये दिवस दोन 'किनारा' आणि दिवस पाच 'वाळवंट' होतं. त्या लोकांसाठी ही दोन राज्यं होती.

हे मोडलं ते तेलामुळे. निझ्वाच्या नैर्ऋत्येला, वाळवंटाच्या कडेला फहूद नावाची जागा आहे. तिथल्या खडकांची ठेवण भूगर्भशास्त्रज्ञांना फार आशादायक वाटत होती. पण फहूद पडलं आतल्या मुलखात. तिथे खोदायची परवानगी द्यायची कोणी, सुलतानाने की इमामाने? १९५४ मध्ये जुने इमाम वारले. नवे इमाम गालिब बिन अली यांनी स्वतंत्र राष्ट्र म्हणून अरब लीगकडे मान्यता मागितली, सौदी अरेबियाची त्यांना फूस होती. डिसेंबर १९५५ मध्ये सुलतानाच्या फौजेने, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली, जवळजवळ न लढता निझ्वा घेतलं.

त्या वेळी सुलतान सईद बिन तैमूर होते आमच्या ट्रिपच्या दुसऱ्या टोकाला, सलालामध्ये. आणि त्यांनी ठरवलं की आपण निझ्वाला मोटारीने जायचं. थेट वाळवंटातून. रस्ता नाहीच.

हा प्रवास आपल्याला कळतो तो जेम्स मॉरिस या पत्रकारामुळे (पुढे जॅन मॉरिस). १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनच्या 'टाइम्स'ला सगळ्यात आधी पोचवणारा हाच. तो सुलतानाच्या ताफ्यात होता आणि त्यावर त्याने 'सुलतान इन ओमान' हे पुस्तक लिहिलं. मोटारीने हा पल्ला पार करण्याची ती पहिलीच वेळ, असं पुस्तक म्हणतं. अमेरिकन बनावटीचे ट्रक, त्यावर सामान आणि सामानावर बसलेली माणसं. आधी सलालामागचा डोंगर चढायचा, मग जिद्दत अल-हरासीसचं सपाट, खडीचं माळरान, मग फहूद, आणि मग आदमवरून निझ्वा. आम्ही ज्याला 'मध्ये काहीच नाही' म्हटलं होतं, नेमकं तेच.

इथे एक सांगायला हवं, कारण पुस्तकाचा सूर इतका खेळकर आहे की ते सहज निसटतं. ट्रकवर बसलेल्या माणसांपैकी बरेच जण सुलतानाचे गुलाम होते. शब्दशः गुलाम. १९५५ साली. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १९७० मध्ये. पहिल्या रोड ट्रिपच्या 'कोण चालवणार' या कॉलमचा विचार करताना मला हे डोक्यातून काढता आलेलं नाही.

सुलतान राज्यावर येऊन तोवर तेवीस वर्षं झाली होती आणि निझ्वा ते पहिल्यांदाच बघत होते. वाटेत फहूदला ते थांबले. विहीर खोदायची तयारी चालू होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ती पहिली विहीर पुढे कोरडी निघाली! तेल तिथेच होतं, पण ते सापडलं १९६४ मध्ये, पहिल्या विहिरीपासून काही शे मीटरवर. आमच्या धंद्यात 'ऑफ बाय वन' नावाची चूक असते, एका घराने चुकणं. इथे त्या चुकीच्या आसपास एक युद्ध झालं.

कारण निझ्वाचं प्रकरण त्या शाही फेरीने मिटलं नाही. १९५७ मध्ये इमामांचा भाऊ तालिब सौदीतून माणसं आणि शस्त्रं घेऊन परतला आणि आतला मुलूख पुन्हा उठला. सुलतानाने ब्रिटिशांकडे मदत मागितली, ब्रिटिश विमानं आली. निझ्वापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, जबल अखदरच्या पायथ्याशी तानूफ नावाचं गाव होतं. डोंगराचा प्रमुख सुलेमान बिन हिम्यार बंडात होता आणि हे त्याचं गाव. ते बाँब टाकून पाडलं. घरं पाडली आणि गावाला पाणी आणणारा फलजही फोडला. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी निव्वळ उतारावर शेतापर्यंत आणणारा पाट. या गावांचं सगळं जगणं त्यावर. बंडखोर डोंगरावर चढून बसले आणि जानेवारी १९५९ मध्ये ब्रिटिशांच्या एसएएस तुकड्या रात्री कडा चढून वर पोचल्या तेव्हा ते संपलं.

तानूफची मातीची पडकी घरं अजून तशीच उभी आहेत. रूममेटला विचारलं, तर म्हणाला, "तानूफ? ते तर पाणी रे." त्याच्या ऑफिसात पाण्याच्या बाटल्या येतात त्या 'तानूफ' नावाच्या. दोन वर्षं तो ते पाणी पितोय. त्याला दोष कसा देऊ? मामाच्या ब्लँकेटखाली मी पंधरा वर्षं झोपलो.

एवढा हौसेने वाळवंट पार करणारा हा सुलतान १९५८ नंतर सलालाला जाऊन बसला आणि मस्कतला परत फिरकला नाही. त्याच्याबद्दल वाचताना आपल्याकडचे धागे सारखे हाताला लागतात. शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात. त्याचे वडील तैमूर बिन फैसल कर्जाला आणि राज्याला कंटाळून १९३२ मध्ये पायउतार झाले आणि १९६५ मध्ये वारले ते मुंबईत. ओमानमध्ये चलन म्हणून चालायचा तो रुपया, आधी आपलाच आणि १९५९ पासून आखातासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळा काढलेला. बापाचं कर्ज बघितलेला मुलगा पैशाला घट्ट असणार हे समजू शकतं. पण १९६७ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाल्यावरही रस्ते, दवाखाने, शाळा यांना हात लागला नाही. धोफारमध्ये, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर, १९६५ पासून बंड पेटलं होतं. सलालाहून उत्तरेला जाणारी डोंगरातली वाट, ज्यावरून १९५५ चा ताफा निघाला होता, ती बंडखोरांनी तोडली. २३ जुलै १९७० रोजी मुलगा काबूस याने ब्रिटिशांच्या मदतीने बापाला दूर केलं. त्यानंतर देशाच्या नावातला 'आणि' गेला, आणि रस्ते आले. दोन्ही एकाच कामाचे भाग होते असं मला वाटतं.

ते रस्ते बांधायला माणसं कुठून आली याची यादी पुस्तकांत फारशी नाही. एक आमच्या घरात होता. आता मी त्याला विचारतो आणि तो सांगतो. हैमाच्या आसपास पहाटे इतकं धुकं यायचं की ग्रेडरची पात दिसायची नाही. झुडपं त्या धुक्यावरच जगतात. तिथेच ओरिक्स नावाची पांढरी, लांब शिंगांची हरणं १९८२ मध्ये पुन्हा सोडली होती. १९७२ पर्यंत शिकारीने जंगलातून संपलेली. त्यांचं अभयारण्य १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं आणि २००७ मध्ये यादीतून काढलं गेलेलं जगातलं पहिलं ठिकाण ठरलं, कारण सरकारने तेलासाठी त्याचं क्षेत्र नव्वद टक्के कमी केलं. मामाला यातलं युनेस्को माहीत नव्हतं. "पांढरं जनावर लांबून दिसायचं," एवढंच तो म्हणाला.

तर आता शीट बदललंय. आम्ही उलटे जाणार. विमानाने सलाला, तिथून गाडी घेऊन उत्तरेकडे निझ्वा, दिवसाउजेडी, हैमाला एक मुक्काम. गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचे जादा पैसे लागतात म्हणून ग्रुपवर दोन दिवस कुरकुर झाली. जबल अखदरच्या पायथ्याशी पोलीस फोर-बाय-फोरशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून गाडीही मोठी घ्यावी लागतेय, त्यावरून आणखी एक दिवस. तानूफसाठी मी दोन तास टाकलेत. कोणीतरी ते खोडून तिथे पुन्हा सूरचा समुद्र लिहितो, मी परत तानूफ करतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना अजून काढायचाय.

मामाने शीट बघायला मागितलं. फोनवर दिसेना, म्हणून प्रिंट काढून नेली. चष्मा लावून त्याने हैमाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे टाकी फुल करायचं लिहिलंयस का?"

लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय.