ॲनिमेशननंतर दृश्यघटक हटविणे

मोबाइल ॲपमध्ये ॲनिमेशनपुरते पडद्यावर आणलेले चित्र, संदेशपट्टी, आवरण किंवा अन्य दृश्यघटक काम संपताच दृश्यरचनेतून काढून टाकणे व त्यांनी व्यापलेली स्मृती मोकळी करणे, या क्रियेस ॲनिमेशननंतर दृश्यघटक हटविणे असे म्हणतात. पसंतीची खूण करताच वर तरंगत जाणारे हृदयचिन्ह, काही क्षण दिसून विरणारी सूचना, ॲप उघडताना येणारे बोधचिन्ह ही अशा तात्पुरत्या घटकांची परिचित उदाहरणे होत.

दिसेनासे होणे आणि नसणे

पडद्यावरील घटक ॲपमध्ये झाडाच्या फांद्यांप्रमाणे एकमेकांना जोडलेले असतात. या रचनेस दृश्यवृक्ष म्हणता येईल. ॲनिमेशन घटकाची जागा, आकार वा अपारदर्शकता बदलते, परंतु त्याला वृक्षापासून वेगळे करीत नाही. रंगमंचावर अंधार झाला म्हणून नेपथ्य आपोआप उचलले जात नाही, तसेच हे आहे. अँड्रॉइडमध्ये अपारदर्शकता शून्यावर नेलेला घटक दिसत नाही, पण त्याच्यावरील स्पर्श त्याच्याकडेच जात राहतात. स्पर्श स्वीकारणारे असे एखादे आवरण पडदाभर मागे राहिल्यास खालची बटणे स्पष्ट दिसतात, मात्र दाबली जात नाहीत, आणि ॲप गोठल्याचा भास होतो. आयओएसमध्ये अपारदर्शकता ०.०१ हून कमी असलेल्या घटकाकडे स्पर्श जात नाही. त्यामुळे तेथे चूक लवकर उघड होत नाही. घटक मात्र स्मृतीत साचत जातात.

समाप्तीची सूचना

ॲनिमेशन ३०० मिलिसेकंदांचे असेल, तर तेवढ्याच अवधीचा गजर लावून घटक काढून टाकावा, असे नवशिक्या आज्ञावलीकारास सहज वाटते. ही पद्धत फसवी आहे. अँड्रॉइडचा वापरकर्ता सेटिंग्जमधून ॲनिमेशन पूर्णपणे बंद करू शकतो. विकसकांसाठीच्या पर्यायांतून त्यांचा कालावधी दहापटीपर्यंत वाढविताही येतो. पहिल्या स्थितीत घटक विनाकारण रेंगाळतो, तर दुसरीत तो अर्ध्या वाटेवरच नाहीसा होतो. म्हणून घड्याळावर विसंबण्याऐवजी प्रणालीकडून येणाऱ्या समाप्तीच्या सूचनेवर विसंबणे योग्य ठरते.

आयओएस ४ मध्ये, २०१० साली, ॲनिमेशनसोबतच समाप्तीनंतरचे काम सांगण्याची सोय यूआयकिटमध्ये आली. ॲनिमेशन पूर्ण झाले की मध्येच थांबले, हेही त्या वेळी कळते. अँड्रॉइड ३.० मध्ये (२०११) घटकाचे गुणधर्म प्रत्यक्ष बदलणारी ॲनिमेशन पद्धत आली. त्यापूर्वीच्या पद्धतीत केवळ चित्र सरकत असे. बटण उजवीकडे गेलेले दिसले तरी स्पर्श जुन्याच जागी लागू पडे. त्या पद्धतीत शेवटची स्थिती टिकवून ठेवण्यास सांगितले असेल, तर घटक लपविल्यावरही तो पडद्यावर दिसत राहतो. ॲनिमेशन स्वतंत्रपणे काढल्याखेरीज तो जात नाही.

खंडित ॲनिमेशन

खरी कसोटी ॲनिमेशन मध्येच तुटते तेव्हा लागते. अँड्रॉइड ४.१ पासून उपलब्ध असलेल्या ‘विथएंडॲक्शन’ या सोयीत दिलेले काम ॲनिमेशन रद्द झाल्यास केलेच जात नाही. याउलट ॲनिमेटरच्या श्रोत्याला रद्द होण्याची सूचना मिळते व तिच्यामागोमाग समाप्तीचीही मिळते. हा भेद ध्यानात न घेतल्यास घटक कधी कायमचा मागे राहतो, तर कधी नको तेव्हा हटतो.

दुसरा प्रसंग अधिक फसवा आहे. संदेशपट्टी विरत असतानाच नवा संदेश आल्याने तीच पट्टी पुन्हा दाखविली जाते. आणि मग आधीच्या विरण्याची समाप्ती-सूचना येऊन नुकतीच दाखविलेली पट्टी काढून टाकते. वापरकर्त्याला संदेश वाचायलाच मिळत नाही. यावर उपाय साधा आहे: घटक हटविण्यापूर्वी तो अजूनही हटवायचाच आहे का, हे तपासावे. चाचणीत सावकाश बोट चालविणाऱ्यास हा दोष सहसा सापडत नाही.

स्मृती

चालू असलेला ॲनिमेटर प्रणालीने धरून ठेवलेला असतो आणि त्याचा श्रोता बहुधा दृश्यघटकास धरून असतो. त्यामुळे अखंड फिरणारे प्रतीक्षाचक्र थांबविले नाही, तर वापरकर्ता पुढच्या पडद्यावर गेल्यानंतरही मागचा संपूर्ण पडदा स्मृतीत अडकून पडतो.

ॲपलच्या कोअर ॲनिमेशनमध्ये ॲनिमेशन आपल्या प्रतिनिधीस घट्ट धरून ठेवते; ॲपलच्या नेहमीच्या संकेतास हा अपवाद आहे. सामान्यतः पूर्ण होताच ॲनिमेशन स्तरावरून आपोआप दूर होते व ही पकड सुटते. मात्र ॲनिमेशन संपल्यावर घटक मूळ जागी उडी मारतो, म्हणून अनेक जण हे आपोआप दूर होणेच बंद करतात. तसे केल्यास पकडही कायम राहते. त्याऐवजी स्तराचे मूळ मूल्यच अंतिम स्थितीवर नेऊन ठेवणे श्रेयस्कर होय.

फ्लटरमध्ये ॲनिमेशन-नियंत्रकाचे विसर्जन आज्ञावलीकाराने स्वतः करावे लागते. ते राहून गेले आणि ॲनिमेशन चालू असतानाच पडदा नष्ट झाला, तर विकासावस्थेतील ॲप त्रुटी दाखविते. वरच्या थरावर ठेवलेला तात्पुरता घटकही तेथे आपणहून जात नाही. तो काढण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.