मुळा नदी (पुणे जिल्हा)

भीमेच्या खोऱ्यातील नदी. उगम सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशी तालुक्यात. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावून प्रवरेला मिळणारी, राहुरीजवळ धरण असलेली मुळा वेगळी. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

ताम्हिणीच्या बाजूला पडणारा पाऊस पुणे शहराच्या (सु. ७० सेंमी.) कित्येक पट आहे. मात्र त्यातला मोठा वाटा नदीच्या पदरात पडत नाही. टाटांनी १९२०च्या दशकात मुळशीला बांधलेल्या धरणाचे पाणी बोगदा व नळांवाटे सु. ५०० मी. खाली, कोकणातील भिरा वीजकेंद्रावर सोडले जाते. तिथली चक्रे फिरवून ते कुंडलिकेत पडते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जायचे पाणी असे पाठ फिरवून पश्चिमेला जाते. कुंडलिकेवरचे कोलाडचे राफ्टिंग चालते तेही भिऱ्याहून पाणी सुटण्याच्या वेळेवर. होडीतल्यांना आपण मुळेच्या पाण्यावर आहोत याची गंधवार्ता नसते. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून खाली नदीत येते. भिऱ्याला जाणारे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे अशी मागणी अधूनमधून होते.

धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यात मिळाली.

काठची गावे : पौड, वाकड, बाणेर, औंध, सांगवी, बोपखेल, कळस.

उपनद्या : रामनदी, पवना (दापोडीजवळ).

दापोडीहून पूर्वेला जाणारी मुळा बोपखेल-कळसजवळ दक्षिणेला वळते. उजव्या हाताला खडकीची लष्करी हद्द, डाव्या हाताला कळस-विश्रांतवाडी. आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे येणारी ज्ञानेश्वरांची पालखी नदी ओलांडूनच पुण्यात शिरते. ‘विश्रांत’ हे नाव वारकऱ्यांच्या विसाव्यावरून पडले असे सांगतात. संगमवाडीला मुठा मिळते आणि जोडनाव सुरू होते; मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते.

कळसच्या वळणावर उन्हाळ्यात वाहते ते मुख्यतः वस्त्यांचे सांडपाणी. त्यावर जलपर्णी दाटते : फुगीर देठ, चकचकीत पाने, वर जांभळे तुरे, लांबून हिरवे कुरण वाटावे. संध्याकाळी डासांमुळे काठच्या घरांची खिडकी उघडता येत नाही. मृगाचा पहिला लोंढा आला की हे कुरण उखडून खाली जाते आणि पुलांच्या खांबांना अडकून बसते.