रेल्वे, बाजारभाव आणि १८७६चा दुष्काळ

खुल्या व्यापाराने गरीब देशांचे दारिद्र्य हटते की वाढते, या वादात दोन्ही पक्षांकडून आकडे फेकले जातात. आमच्या दख्खनमध्ये हा वाद पूर्वीच होऊन गेला. आणि तो ग्रंथांत नव्हे, खडी फोडणाऱ्या मजुरांच्या पोटावर झाला. म्हणून आज आम्ही एकाच दुष्काळाविषयी बोलणार आहोत.

१८७६ साली पावसाने दगा दिला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत पिके बुडाली. लॉर्ड लिटनच्या सरकारचे धोरण मात्र ठरलेले होते: धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये. या मताला ॲडम स्मिथचा आधार होता. बंगालच्या १७७०च्या दुष्काळात कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांनी टंचाईचा दुष्काळ केला असावा, असे त्याने १७७६ साली लिहिले होते. भाव चढला की व्यापारी आपण होऊन माल आणील, हा त्यातला सिद्धांत. मद्रास सरकारने स्वतः धान्य खरेदी केले तेव्हा वरून कानउघाडणी झाली.

सिद्धांत अगदीच खोटा ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६० सालीच सोलापुरास आगगाडी आली होती, आणि तिने व्यापाऱ्यांचे धान्य खरोखरच दख्खनमध्ये आणले. जुन्या दुष्काळांत बैलांच्या पाठीवरून येऊन येऊन किती येणार? बैलालाच चारा नसे.

पण आलेले धान्य घेणार कोण? शेत ओसाड, म्हणून शेतमजुराला मजुरी नाही. अन्नासाठीच पैसा नाही तेथे कापड कोण घेणार, म्हणून कोष्ट्याचा माग बंद. गुरे कवडीमोलाने गेलेली. सावकाराचे देणे तर आधीचेच होते. सुप्याचा दंगा मे १८७५ मधला, म्हणजे अवघ्या वर्षापूर्वीचा. बाजारात माल असून माणसे उपाशी, हे कोडे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली शास्त्रशुद्ध मांडले. आमच्या कुणब्याला ते शास्त्राविनाच कळले होते. धान्य भुकेकडे जात नाही, पैशाकडे जाते. याच वर्षांत उत्तरेकडील गहू विलायतेस जात होता, तो याच न्यायाने. ज्याच्या कोठारात दाणे होते त्याची भरभराट झाली, हे निराळे सांगावयास नको.

सर रिचर्ड टेंपलची गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. १८७३-७४ साली बिहारमध्ये त्याने ब्रह्मदेशचा तांदूळ सरकारी खर्चाने आणविला. फारशी माणसे मेली नाहीत. शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका पदरी पडला! १८७७च्या आरंभी तोच गृहस्थ इकडे आला तो हात आखडून. गड्याची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. मजुरांनी कामे सोडली. हजारोंच्या संख्येने ते घरी निघून गेले. सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

१८७८ पर्यंत देशभर पन्नास लाखांवर माणसे गेली. पुढे स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला. व्यापारात ढवळाढवळ नको, हे मत आयोगाने सोडले नाही. परंतु काम वेळेवर सुरू करावे आणि मजुरी पोट भरण्याइतकी द्यावी, असेही त्याने सांगितले. दुष्काळसंहिता त्यातूनच निघाल्या.