थ्रेड : महामार्गावरून न दिसणारे वऱ्हाड – खामगावच्या आसपासची दोन रणांगणे

१/ जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती–अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि जागतिक विक्रमाची नोंद झाली. हाच महामार्ग पुढे बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर असा पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. शेगावला निघालेला भाविक आणि लोणारला निघालेला पर्यटक या पट्ट्यात चहापुरता थांबतो. हैदराबादचे निजामी राज्य ज्या दोन लढायांतून जन्मास आले, त्या दोन्हींची मैदाने मात्र खामगावपासून एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात.

२/ पहिले मैदान पूर्वेला, अकोला जिल्ह्यातील बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात उंचवट्यावर विटांचा भक्कम किल्ला आहे. एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने तो १७५७ मध्ये पूर्ण केला. नदीकाठी काळ्या दगडाची एक देखणी छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखली जाते. पुरंदरच्या तहामुळे (१६६५) हे नाव मराठी वाचकाला पाठ असते, पण त्याची आठवण सांगणारी वास्तू वऱ्हाडात आहे हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

३/ किल्ला मात्र लढाईनंतरचा आहे. लढाई झाली ऑगस्ट १७२० मध्ये. त्या वेळी दिल्लीत बादशहा नामधारी होता आणि सत्ता सय्यद बंधूंच्या हाती होती. माळव्याचा सुभेदार निजामुल्मुल्क त्यांच्याविरुद्ध उठला, नर्मदा उतरला, आणि असीरगड व बुऱ्हाणपूर त्याने ताब्यात घेतले. त्याला अडवण्यासाठी औरंगाबादेहून आलम अली खान निघाला. हा सय्यद हुसेन अलीचा पुतण्या आणि दख्खनचा नायब सुभेदार.

४/ मराठे आलम अलीच्या बाजूने लढले. कारण उघड होते. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्या सय्यदांच्याच जोरावर. सय्यद पडले तर त्या सनदांचे मोल काय उरणार, ही शाहू महाराजांच्या दरबारची चिंता होती. बाळाजी विश्वनाथ स्वतः त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवर्तला होता आणि पेशवाईची वस्त्रे तरुण बाजीरावाकडे आली होती.

५/ ऐन पावसाळा. पूर्णा खोऱ्यातील काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचे चाक फिरत नाही, तिथे तोफा ओढणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बाळापूरजवळ निजामाने आलम अलीचा पराभव केला. आलम अली रणातच मारला गेला.

६/ दुसऱ्या मैदानासाठी खामगावहून दक्षिणेला वळावे लागते. पायनघाटाची सपाटी संपते, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट चढून गाडी बालाघाटावर येते आणि अमडापूर, चिखली मागे टाकून साखरखेर्ड्याला पोहोचते. आज सिंदखेडराजा तालुक्यातले हे गाव पलसिद्ध मठासाठी ओळखले जाते. जुन्या कागदांत त्याचे नाव शकरखेडा.

७/ मधल्या चार वर्षांत निजाम दिल्लीला वजीर झाला, दरबाराला कंटाळला आणि पुन्हा दख्खनेकडे वळला. दरबाराने त्याच्याविरुद्ध हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला उभे केले. ऑक्टोबर १७२४ मध्ये शकरखेड्याला दोघांची गाठ पडली. बाजीराव या वेळी निजामाच्या बाजूने होता! बाळापूरला मराठी फौज निजामाच्या समोर उभी होती, चार वर्षांनी ती त्याच्या शेजारी उभी राहिली. या उलटापालटीला विसंगती म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा मराठ्यांचा हिशेब चौथाईचाच होता.

८/ मुबारिझ खान मारला गेला आणि दख्खन व्यवहारात दिल्लीपासून सुटली. निजामाने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा केले. सरकारी कागदांत ते बराच काळ राहिले, पण लोकांनी मात्र साखरखेर्डाच म्हणणे सुरू ठेवले. त्या दिवशी जन्मलेले राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे टिकले. इतक्या मोठ्या घटनेच्या मानाने गावाच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी अगदीच तुटपुंजी आहे.

९/ आता खामगावकडे परत. निजामाकडील वऱ्हाड १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातील कापसाच्या बाजारांना सोन्याचे दिवस आले. खामगाव त्या बाजारांत अग्रभागी होते. पण १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग गावाला वगळून जलंबवरून गेला. कापसाची एवढी मोठी पेठ रेल्वेपासून सुमारे १३ किलोमीटर दूर राहिली. म्हणून जलंब–खामगाव हा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. दोनच वर्षांनी अंदमानात त्याची हत्या झाली.

१०/ अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशातही अशीच अफाट सपाटी आहे. तिथल्या राज्यांनी महामार्गांच्या कडेला इतिहासफलक उभारले आहेत. एखादी चकमक, एखादी जुनी गाडीवाट, चार ओळींचा मजकूर, आणि गाडी उभी करण्यापुरती जागा. बाळापूर आणि साखरखेर्डा यांच्याकडे सांगण्यासारखे त्याहून पुष्कळ अधिक आहे.

११/ जाणाऱ्यांसाठी एवढेच : किल्ला आणि छत्री निवांत पाहायची असेल तर हिवाळा बरा. १७२० ची लढाई समजून घ्यायची असेल तर मात्र ऑगस्टात, दोन दिवसांच्या झडीनंतर जावे आणि महामार्ग सोडून शेताच्या बांधावरून शंभर पावले चालून पाहावीत.