किल्लारी भूकंप
धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) व लातूर जिल्ह्यांच्या सीमाभागात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता झालेला ६.२ परिमाणाचा भूकंप. लोक गाढ झोपेत असताना दगडमातीच्या भिंतींची माळवदे कोसळून सुमारे १०,००० माणसे दगावली. सास्तूर, किल्लारी ही गावे उद्ध्वस्त झाली. तोपर्यंत दख्खनचे पठार स्थिर मानले जाई; पण भूपट्टाच्या सीमेपासून दूर, पट्टाच्या अंतर्भागातही विनाशकारी भूकंप होऊ शकतो, हे येथे ठळकपणे दिसले. भूकंपाच्या अभ्यासासाठी किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मी. खोल वेधनात सुमारे ३३८ मी. बेसॉल्टखाली प्राचीन पायाभूत खडक आढळला. पुढे २००२ मध्ये भारताच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभाग रद्द झाला. भूकंपरोधक घरबांधणी हाच या आपत्तीचा सर्वांत मोलाचा धडा होय.